विश्लेषण : राज्याच्या पोलीस महासंचालकाला अधिकार किती? नेमणुकीवरून वारंवार वाद का होतात?

मुंबईत रिगल सिनेमाच्या समोर, शहीद भगतसिंग मार्गाच्या तोंडाशी एक दगडी, गॉथिक धाटणीची इमारत आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे वास्तुरचनाकार एफ. डब्ल्यू. स्टिव्हन्स यांनीच १८७०च्या दशकात ती खलाशांच्या वसतिगृहासाठी बांधली. पुढे तिथे मुंबई प्रांताचे विधिमंडळ भरू लागले. महाराष्ट्राची विधानसभाही नरिमन पॉइंटचे विधान भवन १९८१ मध्ये तयार होईपर्यंत इथेच बसत असे. त्यानंतर ही वास्तू राज्य पोलीस दलाचे मुख्यालय झाली. आज दोन लाखांच्या आसपास मनुष्यबळ असलेल्या महाराष्ट्र पोलीस दलाचे प्रमुख, म्हणजे पोलीस महासंचालक, याच इमारतीतून कारभार पाहतात.

हे पद अधूनमधून बातम्यांच्या केंद्रस्थानी येते. कधी नियुक्ती न्यायालयात अडकते, कधी निवडणूक आयोग पदावरून दूर करतो, तर कधी महिनोन्‌महिने ‘अतिरिक्त कार्यभारा’वर काम भागवले जाते. या पदाला एवढे महत्त्व का, त्याचे अधिकार नेमके किती आणि नेमणुकीचे नियम काय आहेत, याचा हा आढावा.

पद नेमके काय आहे?

महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम ६ नुसार पोलीस दलाला दिशा देण्यासाठी आणि त्यावर देखरेख ठेवण्यासाठी राज्य सरकार या अधिकाऱ्याची नियुक्ती करते. कायद्यातील पदनाम ‘महासंचालक व महानिरीक्षक’ असे जोडनाम आहे. पूर्वी दलाचा प्रमुख महानिरीक्षक असे, त्याची ही खूण.

महासंचालक दर्जाचे अधिकारी राज्यात एकाच वेळी अनेक असतात. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, पोलीस गृहनिर्माण महामंडळ, गृहरक्षक दल अशा ठिकाणीही महासंचालक दर्जाचे अधिकारी नेमले जातात. दलाचा प्रमुख मात्र एकच. त्याला शासकीय भाषेत ‘पोलीस दलाचा प्रमुख’ असे वेगळे स्थान आहे आणि सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे मूळ वेतन दरमहा २ लाख २५ हजार रुपये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतले आहे. त्यामुळे ‘अमुक अधिकारी महासंचालक झाले’ अशी बातमी आली की ही केवळ दर्जातील पदोन्नती आहे की राज्याच्या दलाचे प्रमुखपद, हे पाहावे लागते.

मुख्यालयाखाली गुन्हे अन्वेषण विभाग, राज्य गुप्तवार्ता विभाग, दहशतवादविरोधी पथक, राज्य राखीव पोलीस बल, लोहमार्ग पोलीस, बिनतारी संदेश यंत्रणा आणि प्रशिक्षण संस्था येतात. जिल्ह्यांमध्ये पोलीस अधीक्षक असतात. काही जिल्हे मिळून एक परिक्षेत्र होते आणि त्याचे प्रमुख विशेष पोलीस महानिरीक्षक असतात. कोल्हापूर, नाशिक, नांदेड, अमरावती ही त्याची उदाहरणे. मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तालये आहेत.

इतिहास कुठून सुरू होतो?

इंग्रज येण्यापूर्वी आपल्याकडे शहरासाठी कोतवाल, मुलखासाठी फौजदार आणि गावासाठी पाटील अशी व्यवस्था होती. या शब्दांनी पुढे पिच्छा सोडला नाही. ग्रामीण भागात आजही पोलीस उपनिरीक्षकाला फौजदार म्हणतात आणि गावोगावी पोलीस पाटील आहेतच. विशेष म्हणजे पोलीस पाटलाची नियुक्ती पोलीस खाते करत नाही. ती महसूल खात्यातील प्रांताधिकारी करतात. पोलीस आणि महसूल यांच्यातील जुन्या नात्याचा हा शिल्लक राहिलेला धागा आहे.

हे नाते तोडण्याचा पहिला मोठा प्रयोग सिंधमध्ये झाला. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने आयर्लंडमधील पोलीस दलाच्या धर्तीवर महसुली कामापासून वेगळे, स्वतःचे अधिकारी असलेले पोलीस दल उभारले. पुढे सिंध मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १८५३ मध्ये मुंबई इलाख्यातही प्रत्येक जिल्ह्यासाठी पोलीस अधीक्षक नेमण्याची पद्धत आली.

१८५७च्या उठावानंतर इंग्रज सरकारने पोलीस आयोग नेमला आणि १८६१चा पोलीस कायदा झाला. प्रांताच्या पोलीस दलाचा प्रमुख म्हणून ‘महानिरीक्षक’ हे पद या कायद्याने देशभर रूढ केले. जिल्ह्यात मात्र पोलिसांवर जिल्हा दंडाधिकाऱ्याचे नियंत्रण कायम ठेवले. पोलीस दल सरकारच्या हातात राहावे, हा त्यामागचा उघड हेतू होता.

मुंबई इलाख्याची वाट थोडी वेगळी होती. येथे १८६७ आणि १८९०चे स्वतंत्र जिल्हा पोलीस कायदे होते. मुंबई शहराची व्यवस्था तर त्याहून निराळी. शहराला १८६४ मध्येच फ्रँक सॉटर यांच्या रूपाने पहिले पोलीस आयुक्त मिळाले आणि १९०२ मध्ये शहरासाठी वेगळा पोलीस कायदा झाला. शहराचा आयुक्त आणि इलाख्याचा महानिरीक्षक ही दोन सत्ताकेंद्रे तेव्हापासूनची आहेत.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले?

स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताच्या पोलीस दलाची सूत्रे पहिल्यांदा भारतीय अधिकाऱ्याकडे आली. ना. मा. कामटे हे पहिले भारतीय महानिरीक्षक. २६/११च्या हल्ल्यात हुतात्मा झालेले अशोक कामटे हे त्यांचे नातू.

१९५१ मध्ये मुंबई पोलीस अधिनियम आला. १८९०चा जिल्हा कायदा आणि १९०२चा शहर कायदा रद्द होऊन शहर आणि जिल्हे एकाच कायद्याखाली आले. आज आपण ज्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतो तो हाच कायदा. त्याचे नाव २०१२ मध्ये बदलले. १९६० मध्ये राज्य स्थापन झाल्यावर २ जानेवारी १९६१ रोजी तत्कालीन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज प्रदान केला. म्हणून २ जानेवारी हा पोलीस स्थापना दिन म्हणून पाळला जातो.

राज्य झाल्यानंतरही दोन दशके दलाचे प्रमुखपद महानिरीक्षकाचेच होते. देशभर ही पदे महासंचालक दर्जाची होऊ लागली तेव्हा, फेब्रुवारी १९८२ मध्ये, महाराष्ट्रातही बदल झाला. मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त के. पी. मेढेकर हे राज्याचे पहिले पोलीस महासंचालक झाले आणि त्यांच्या जागी मुंबईत ज्युलिओ रिबेरो आले.

नवे पद सहा महिन्यांचे होत नाही तोच मोठी कसोटी आली. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत पोलीस शिपायांनी बंड केले. कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता सरकारने काढून घेतली, नेत्यांना अटक झाली, शहरात जाळपोळ आणि लूटमार झाली आणि लष्कराला पाचारण करावे लागले. सेवेच्या अटी, घरे, कामाचे तास आणि वरिष्ठांची वागणूक ही त्या असंतोषामागची कारणे होती. दलाच्या प्रमुखाची जबाबदारी जशी गुन्हेगारी आटोक्यात ठेवण्याची, तशीच स्वतःच्या शिपायांचे ऐकून घेण्याचीही असते, हा धडा त्या घटनेने दिला.

महासंचालक काय करू शकतात आणि काय नाही?

लोकांच्या मनात महासंचालक म्हणजे ज्यांच्या एका फोनवर कुठलाही तपास सुरू होतो किंवा थांबतो असे अधिकारी. प्रत्यक्ष चित्र वेगळे आहे.

पहिली मर्यादा कायद्याचीच आहे. अधिनियमातील कलम ४ नुसार संपूर्ण पोलीस दलावर अधीक्षणाचा अधिकार राज्य सरकारचा आहे. म्हणजे महासंचालक गृह विभागाला उत्तरदायी आहेत.

दुसरी मर्यादा तपासाची. गुन्ह्याचा तपास हा तपास अधिकाऱ्याचा कायदेशीर अधिकार आहे. वरिष्ठ अधिकारी देखरेख करू शकतात, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे किंवा गुन्हे अन्वेषण विभागाकडे देऊ शकतात. मात्र कोणाला आरोपी करायचे आणि कोणाला सोडायचे, हे आदेश देऊन ठरवण्याची मुभा कायदा त्यांना देत नाही. तपासाचा अहवाल शेवटी न्यायालयापुढेच जातो.

तिसरी मर्यादा बदल्यांची, आणि प्रत्यक्षात हीच सर्वात महत्त्वाची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१४ मध्ये अधिनियमात सुधारणा होऊन पोलीस आस्थापना मंडळे आली. उपअधीक्षक आणि त्यावरील अधिकाऱ्यांच्या बदल्यांबाबत शिफारस करणाऱ्या पहिल्या मंडळाचे अध्यक्ष गृह विभागाचे अपर मुख्य सचिव असतात आणि महासंचालक उपाध्यक्ष. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांच्या बदलीचा अंतिम अधिकार मुख्यमंत्र्यांचा, तर राज्य पोलीस सेवेतील उपअधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांसाठी तो गृहमंत्र्यांचा. पोलीस निरीक्षकापर्यंतच्या बदल्यांसाठी दुसरे मंडळ आहे आणि त्याचे अध्यक्ष महासंचालक असतात.

याचा अर्थ असा की, जिल्ह्याचा अधीक्षक किंवा शहराचा आयुक्त कोण असावा यावर महासंचालकांचे मत घेतले जाते, पण शेवटचा शब्द राजकीय नेतृत्वाचा. ज्या प्रमुखाला आपले सेनापती निवडता येत नाहीत, त्याच्याकडून लढाईचा जाब मात्र विचारला जातो, अशी खंत निवृत्त अधिकारी वारंवार व्यक्त करतात. सरकारची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. कायदा-सुव्यवस्था बिघडली तर विधिमंडळात आणि मतदारांपुढे उत्तर मंत्र्यांनाच द्यावे लागते. जबाबदारी आहे तिथे अधिकारही हवा, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

मुंबईचे पोलीस आयुक्त मोठे की महासंचालक?

कागदावर उत्तर सोपे आहे. महासंचालक राज्याच्या दलाचे प्रमुख आणि मुंबईचे आयुक्त त्या दलातील एक अधिकारी. व्यवहारात मात्र मुंबईच्या आयुक्तांचे वजन वेगळे आहे. आयुक्तांकडे जमावबंदी, परवाने, तडीपारी असे दंडाधिकाऱ्याचे अधिकारही असतात, जे जिल्ह्याच्या अधीक्षकाकडे नसतात. शिवाय आयुक्तांची नेमणूक सरकार करते, त्यामुळे त्यांचा संवाद थेट मंत्रालयाशी असतो. अलीकडच्या वर्षांत हे पद अनेकदा महासंचालक दर्जाच्याच अधिकाऱ्याकडे राहिले आहे. दोघांचा दर्जा सारखा असला की हुकूम कोणाचा, हा प्रश्न अधिक नाजूक होतो.

आयुक्तालयांची व्यवस्था मुंबईपुरती राहिली नाही. पुणे आणि नागपुरात ती १९६५ मध्ये सुरू झाली. पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय २०१८ मध्ये, तर मीरा-भाईंदर, वसई-विरारचे २०२० मध्ये सुरू झाले. शहरे वाढली तशी अधीक्षकांच्या जागी आयुक्त येत गेले. त्यामुळे महासंचालकांच्या मुख्यालयाचे रोजचे लक्ष ग्रामीण जिल्हे, विशेष शाखा, भरती, प्रशिक्षण, साधनसामग्री आणि शिस्त यांवर अधिक असते.

नेमणुकीचे नियम कोणी ठरवले?

२००६ पर्यंत सरकारला हवा तो वरिष्ठ अधिकारी प्रमुख करता येत असे. सरकार बदलले की महासंचालक बदलणे, ही अनेक राज्यांत रीतच झाली होती. उत्तर प्रदेशचे माजी पोलीस महासंचालक आणि सीमा सुरक्षा दलाचे माजी प्रमुख प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये याविरोधात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, निकाल लागला. महासंचालकपदाबाबत त्यात दोन गोष्टी ठरल्या.

एक, केंद्रीय लोकसेवा आयोगाने सेवाकाल, सेवेतील कामगिरी आणि अनुभवाचा आवाका पाहून तयार केलेल्या तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांच्या यादीतूनच राज्याने निवड करायची. दोन, निवड झाल्यावर निवृत्तीची तारीख काहीही असली तरी किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यायचा. शिस्तभंगाची कारवाई, गुन्ह्यात दोषी ठरणे, भ्रष्टाचाराचे प्रकरण किंवा काम करण्यास असमर्थता अशा कारणांसाठीच आधी दूर करता येईल, तेही राज्य सुरक्षा आयोगाशी सल्लामसलत करून.

राज्यांनी यातून पळवाटा शोधल्या. काहींनी स्वतःचे कायदे केले, काहींनी ‘प्रभारी’ महासंचालक नेमायला सुरुवात केली, तर काहींनी निवृत्तीला काही दिवस उरलेल्या अधिकाऱ्याला प्रमुख करून दोन वर्षांची मुदतवाढ पदरात पाडून दिली. म्हणून ३ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आदेश दिले : प्रभारी नेमणूक करायची नाही आणि पद रिक्त होण्याच्या किमान तीन महिने आधी आयोगाकडे प्रस्ताव पाठवायचा. मार्च २०१९ मध्ये आणखी स्पष्टीकरण आले : किमान सहा महिने सेवा शिल्लक असलेल्यांचाच विचार व्हावा.

यादी तयार करणाऱ्या समितीत आयोगाचे अध्यक्ष किंवा सदस्य, केंद्रीय गृहसचिव, संबंधित राज्याचे मुख्य सचिव, त्या राज्याचे विद्यमान महासंचालक आणि केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांपैकी एका दलाचे प्रमुख असतात. म्हणजे यादी ठरवताना राज्याचा आवाज असतो, पण एकट्याचा नसतो. गोव्याची स्थिती वेगळी आहे. तेथील अधिकारी केंद्रशासित प्रदेशांच्या संयुक्त संवर्गातले असल्याने महासंचालक केंद्रीय गृह मंत्रालयाकडून येतात.

महाराष्ट्रात वाद कधी कधी झाले?

२००८ मध्ये ए. एन. रॉय यांच्या नियुक्तीला सेवाज्येष्ठता डावलल्याच्या मुद्द्यावरून केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात आव्हान दिले गेले. न्यायाधिकरणाने नियुक्ती रद्द ठरवली आणि २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

२०२०च्या अखेरीस सुबोध जयस्वाल यांची केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रमुखपदी निवड झाली आणि ते राज्यातून गेले. बदल्यांवरून त्यांचे सरकारशी पटत नसल्याची चर्चा तेव्हा उघडपणे होत होती. हेमंत नगराळे त्यांच्या जागी आले, पण मार्च २०२१ मध्ये परमबीर सिंह यांना मुंबईच्या आयुक्तपदावरून हटवल्यावर नगराळे यांना मुंबईत पाठवण्यात आले. तीन महिन्यांच्या आत राज्याचे प्रमुखपद पुन्हा रिकामे झाले.

त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये संजय पांडे यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार देण्यात आला आणि तो तब्बल दहा महिने चालला. लोकसेवा आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या तीन नावांत पांडे यांचे नाव नव्हते. हेमंत नगराळे, के. वेंकटेशम आणि रजनीश सेठ ही नावे होती. राज्याने पांडे यांच्या नावाचा फेरविचार करण्याची विनंती आयोगाला केली. प्रकरण जनहित याचिकेतून उच्च न्यायालयात गेले. ज्या समितीत राज्याचे मुख्य सचिव स्वतः बसले होते, तिच्याच निष्कर्षावर नंतर राज्याने हरकत घेणे न्यायालयाला पटले नाही. सुनावणीत सरकारला खडे बोल ऐकावे लागले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रजनीश सेठ यांची पूर्णवेळ नियुक्ती झाली.

जानेवारी २०२४ मध्ये रश्मी शुक्ला राज्याच्या पहिल्या महिला पोलीस महासंचालक झाल्या. देशात हा मान २००४ मध्ये उत्तराखंडच्या कांचन चौधरी भट्टाचार्य यांनी मिळवला होता. महाराष्ट्राला त्यासाठी आणखी वीस वर्षे लागली. शुक्ला यांच्यावर आधी फोन टॅपिंग प्रकरणात दाखल झालेले गुन्हे उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केले होते. जून २०२४ मध्ये त्या निवृत्तीच्या वयाला पोहोचल्या, तरी दोन वर्षांच्या कार्यकाळाच्या नियमाचा आधार घेऊन त्यांना पदावर कायम ठेवले गेले. विरोधकांनी त्यावर आक्षेप घेतला.

निवडणूक आयोगाला महासंचालक बदलता येतात का?

येतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २८-अ नुसार निवडणुकीच्या काळात त्या कामासाठी नेमलेले पोलीस आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, काँग्रेस आणि अन्य विरोधी पक्षांच्या तक्रारींनंतर आयोगाने शुक्ला यांच्या बदलीचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी संजयकुमार वर्मा यांची नियुक्ती झाली. २३ नोव्हेंबरला निकाल लागला आणि आचारसंहिता संपताच, २५ नोव्हेंबरला, सरकारने शुक्ला यांना पुन्हा पदावर आणले.

या तीन आठवड्यांत एक पेच समोर आला. प्रमुखाला दोन वर्षे हात लावायचा नाही, हा नियम राजकीय हस्तक्षेपापासून संरक्षणासाठी आहे. पण प्रमुखाच्या निःपक्षपातीपणावरच प्रश्नचिन्ह लावले गेले, तर तोच नियम सरकारच्या सोयीची ढाल होतो. आयोगाचा हस्तक्षेप निवडणुकीपुरता असतो. एरवीच्या पाच वर्षांसाठी अशी दुसरी यंत्रणा नाही.

‘प्रभारी’ असण्यात बिघडते काय?

सहीचे अधिकार तेच, गाडी-बंदोबस्त तोच. मग फरक काय? फरक टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आहे. पूर्णवेळ महासंचालकाला दोन वर्षांचे कवच असते. प्रभारी अधिकाऱ्याचा कार्यभार एका ओळीच्या आदेशाने काढता येतो. नको असलेल्या बदलीला विरोध करायचा, एखाद्या संवेदनशील तपासात अधीक्षकाच्या पाठीशी उभे राहायचे, तर खुर्ची शाबूत राहील याची खात्री लागते. प्रभारी अधिकाऱ्याला ती नसते. शिवाय भरती, प्रशिक्षण, घरबांधणी अशा दोन-चार वर्षे चालणाऱ्या कामांना कुणी धनी उरत नाही.

न्यायालये किती पुढे जाऊ शकतात, याचे उदाहरण केरळचे आहे. तेथे सरकार बदलल्यावर २०१६ मध्ये टी. पी. सेनकुमार यांना महासंचालकपदावरून दूर केले गेले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये ती कारवाई अन्यायकारक ठरवून त्यांना पुन्हा पदावर बसवले. दुसरीकडे उत्तर प्रदेशने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतःचे नियम करून निवडीसाठी निवृत्त उच्च न्यायालय न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचा मार्ग धरला. झारखंडनेही पुढच्या वर्षी तशीच वाट निवडली. केंद्रीय आयोगाची चाळणी टाळण्याकडे राज्यांचा कल वाढत आहे.

सामान्य नागरिकाला याचा काय फरक पडतो?

पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही म्हणून कोणी थेट महासंचालकांकडे जात नाही, आणि जाण्याची गरजही नाही. ठाणे अंमलदाराने दखलपात्र गुन्हा नोंदवायला नकार दिला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार करता येते. शहरात ती उपायुक्तांकडे जाते. तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनाविरुद्ध राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. त्याचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात.

तरीही शिखरावर कोण आहे, याचा परिणाम पायथ्याशी पोहोचतो. निरीक्षकांच्या बदल्या नियमाने झाल्या की ठाण्याचा प्रमुख स्थानिक पुढाऱ्याकडे बघून नव्हे, तर कायद्याकडे बघून काम करण्याची शक्यता वाढते. शिपायाला आठवड्याची सुटी, राहायला घर आणि ठरावीक तासांची पाळी मिळाली की त्याच्या बोलण्यातला कडवटपणा कमी होतो. ही कामे मुख्यालयातूनच होतात आणि ती करून घेण्यासाठी प्रमुखाला वेळ आणि सुरक्षितता दोन्ही लागतात. दरवर्षी महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जाहीर होणारे महासंचालकांचे सन्मानचिन्ह हवालदाराला का मोलाचे वाटते, याचेही उत्तर त्यात आहे. राज्याच्या प्रमुखाने आपल्या कामाची दखल घेतली, हे त्याला घरी सांगता येते.

पुढच्या नियुक्तीत काय पाहावे?

महासंचालकपदाची पुढची बातमी येईल तेव्हा नावाइतकेच काही प्रश्न महत्त्वाचे ठरतील. पद रिक्त होण्याच्या तीन महिने आधी लोकसेवा आयोगाकडे प्रस्ताव गेला होता का? आयोगाच्या तीन नावांतून निवड झाली का? नियुक्ती पूर्णवेळ आहे की अतिरिक्त कार्यभार? निवड झालेल्या अधिकाऱ्याची किती सेवा शिल्लक आहे? आणि दोन वर्षांच्या आत बदल झाला, तर त्याचे कारण लेखी दिले गेले का?

राज्य पोलिसांच्या बोधचिन्हावर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद आहे. सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचा बंदोबस्त, असा त्याचा अर्थ. सज्जन कोण आणि दुर्जन कोण, हे कायद्याने ठरावे, सत्तेने नव्हे, यासाठी २००६चा निकाल आला. त्याला आता दोन दशके होत आली. नियम कागदावर आहेत. ते पाळले जातात का, हे वरच्या पाच प्रश्नांच्या उत्तरांवरून दर वेळी कळेल.